ख्रिस्ती लोक यात्रेला का जायचे आणि आता का जातात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनमधल्या सांतियागोला, म्हणजे येशूचा शिष्य याकोब याचं मानलं जाणारं थडगं आहे तिथे, चालत जाऊन आल्यापासून वसईतले नातेवाईक, ऑफिसमधले मित्र आणि काही अनोळखी लोकही मला तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून सगळी उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. बहुतेकांचा खरा प्रश्न एकच असतो: पूर्वी लोक श्रद्धेने जायचे आणि आता फिरायला जातात, हो ना? मला हे पटत नाही. का पटत नाही ते खाली येईलच.

ख्रिस्ती धर्मात यात्रा करायलाच हवी असं काही आहे का?

नाही. मुसलमानांमध्ये ऐपत असलेल्याला हज फर्ज आहे, तसं आपल्याकडे काहीच नाही. उलट योहानाच्या शुभवर्तमानात विहिरीपाशी शोमरोनी बाईला येशू सांगतो की अशी वेळ येतेय जेव्हा पित्याची उपासना ना या डोंगरावर होईल ना जेरुसलेममध्ये. संत जेरोम ३८६ पासून मरेपर्यंत बेथलेहेमलाच राहिला आणि त्यानेच एका मित्राला पत्रात कळवलं की स्वर्गाचं दार जेरुसलेममधून आणि ब्रिटनमधून सारखंच उघडं आहे. आणि तरीही लोक निघालेच, सतराशे वर्षं निघतायत. कुणी सांगितलं नसताना एवढे लोक गेले म्हणजे प्रत्येकाला जाण्याचं काहीतरी कारण होतं, आणि ते कारण दर काही शतकांनी बदलत गेलं.

मग सुरुवातीचे लोक कशासाठी गेले?

बघायला आणि हात लावायला. सम्राट कॉन्स्टंटाइनची आई हेलेना साधारण ३२६ च्या सुमारास पॅलेस्टाइनमध्ये गेली, येशूच्या थडग्यावरच्या चर्चचं अर्पण ३३५ मध्ये झालं, आणि त्याच्या दोनच वर्षं आधी, ३३३ मध्ये, फ्रान्समधल्या बोर्दोचा एक माणूस जेरुसलेमला पोचला होता. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण कुठे घोडे बदलले आणि कुठून कुठे किती अंतर आहे याची त्याची यादी आजही आहे.

माझी सगळ्यात आवडती मात्र एजेरिया. ३८१ ते ३८४ या काळात ही बाई युरोपच्या पश्चिम टोकाकडून सिनाय, जेरुसलेम, मेसोपोटेमिया असं सगळं फिरली आणि मागे राहिलेल्या आपल्या धर्मभगिनींना पत्रातून सगळं कळवत गेली. ती प्रत्येक ठिकाणी पोचली की तिथल्या संन्याशांना बायबलमधला त्या जागेचा उतारा त्याच जागी वाचायला लावायची. सिनाय डोंगराबद्दल लिहिते की वळणावळणाने जाता येत नाही, भिंतीवर चढावं तसं सरळ वर चढायचं. आणि गुड फ्रायडेचं वर्णन तर वाचायलाच हवं: बिशप टेबलाशी बसून येशूच्या क्रुसाचं मानलेलं लाकूड दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो, बाजूला डीकन म्हणजे त्याचे मदतनीस पहाऱ्याला उभे, लोक एकेक करून वाकतात, कपाळ टेकवतात, डोळे टेकवतात, चुंबन घेतात, पण हात लावायला बंदी. का, तर म्हणे पूर्वी एकाने चुंबन घेता घेता लाकडाचा तुकडा दातांनी तोडून पळवला होता!

आपल्या गोव्यातही हेच झालं. संत फ्रान्सिस झेवियरचा देह १५५४ मध्ये गोव्यात आणला तेव्हा एका पोर्तुगीज बाईने पायाच्या बोटाचा चावा घेऊन बोट नेलं असं सांगतात. मध्ये जवळजवळ बाराशे वर्षं गेली तरी माणसाला आपल्या देवमाणसाचा तुकडा हवाच असतो. याला कुणी अंधश्रद्धा म्हणो, मला त्यात आधी प्रेम दिसतं, मग बाकीचं.

लोक घरी काय घेऊन यायचे?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण माणूस कशाला गेला होता ते त्याने येताना काय आणलं यावरून जास्त कळतं, तोंडाने सांगतो त्यापेक्षा. सुरुवातीच्या काळात आणायचे माती, पाणी आणि थडग्यापुढच्या दिव्यातलं तेल. तेलासाठी शिसं-कथिलाच्या बारक्या चपट्या कुप्या असायच्या, त्यातल्या काही साधारण सन ६०० च्या कुप्या इटलीत मोन्झाच्या कॅथीड्रलमध्ये अजून आहेत. तामिळनाडूतल्या वेलंकनीहून किंवा फ्रान्समधल्या लूर्दहून आलेली बाटली ज्यांच्या घरी आल्टरवर आहे त्यांना वेगळं काही समजावून सांगायला नको.

५७० च्या सुमारास इटलीतल्या प्याचेन्झाहून गेलेला एक यात्रेकरू काना गावी पोचला, जिथे येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला तिथे. ज्या बैठकीवर येशू टेकला होता असं सांगत, त्या बैठकीवर हा टेकला आणि आपल्या आईवडिलांची नावं तिथे लिहिली, वर स्वतःच म्हणतो की माझी तेवढी लायकी नव्हती. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचवेना. एवढ्या लांब गेला आणि स्वतःचं नाव नाही लिहिलं.

यात्रा ही शिक्षा होती असं ऐकलंय, ते खरं का?

हो, आणि बराच काळ. आधी आयर्लंडचे संन्यासी: त्यांच्यासाठी यात्रा म्हणजे देवासाठी घर कायमचं सोडणं, कुठल्या ठरावीक जागी पोचायचं वगैरे नाही. कोलंबानस ५९० च्या आसपास निघाला आणि ६१५ मध्ये इटलीत बोब्बियोला वारला, परत घरी गेलाच नाही. पुढे पापनिवेदनानंतर (म्हणजे फादरपुढे पापं कबूल केल्यावर) फादर प्रायश्चित्त म्हणून यात्रा सांगायला लागले, मोठं पाप तर लांबची यात्रा. फ्रान्समधल्या आंजूचा काउंट फुल्क नेरा हा लढाया आणि खूनखराब्यासाठी बदनाम माणूस निदान तीन वेळा जेरुसलेमला गेला आणि १०४० मध्ये शेवटच्या यात्रेहून परतताना वाटेतच मेला.

त्यानंतर तर फ्लँडर्सकडच्या (आजच्या बेल्जियमकडच्या) शहरांची कोर्टंसुद्धा ही शिक्षा द्यायला लागली, मारामारी केली, कुणाला जखमी केलं, जा सांतियागोला, जा फ्रान्सच्या रोकामादूरला, आणि येताना तिथे पोचल्याचं पत्र घेऊन ये. जायचं नसेल तर दंड भरायचा, कुठल्या ठिकाणासाठी किती त्याचं दरपत्रकच असायचं. पैसेवाला सुटायचा आणि गरीब चालायचा. शिवाय मृत्युपत्रात पैसे ठेवून जायचे लोक, की माझ्या वतीने अमुक ठिकाणी कुणाला तरी पाठवा. हा 'वतीने' शब्द लक्षात ठेवा, शेवटी परत येतोय.

क्रुसेड म्हणजे यात्राच होती का?

क्रुसेड म्हणजे जेरुसलेम मुसलमानांकडून घ्यायला निघालेल्या ख्रिस्ती लोकांच्या मोहिमा. जे गेले ते स्वतःला यात्रेकरूच म्हणवत होते. १०९५ मध्ये फ्रान्समधल्या क्लेरमाँला चर्चच्या सभेत ठरलं की मानासाठी किंवा पैशासाठी न जाता फक्त भक्तीने जेरुसलेम सोडवायला जो जाईल त्याचं ते जाणं सगळ्या प्रायश्चित्ताच्या ऐवजी धरलं जाईल. मग जुलै १०९९ मध्ये शहर पडलं आणि मुसलमान आणि ज्यू माणसांची कत्तल झाली. आपल्याकडे प्रवचनात हा भाग पटकन ओलांडतात. पण यात्रेचा इतिहास सांगायचा तर हेही सांगावंच लागतं, कारण तेच नवस, तेच शब्द, तीच पापक्षमा होती, फक्त हातात काठीबरोबर तलवार आली.

इंडल्जन्स आणि ज्युबिली हा काय प्रकार आहे?

सोपं करून सांगते. कॅथोलिक शिकवण अशी की पापनिवेदनाने पाप माफ होतं पण त्याची काही शिक्षा भोगायची उरते, इथे नाहीतर मेल्यावर शुद्धीस्थानात (स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो तिथे), आणि ती उरलेली शिक्षा कमी किंवा पूर्ण माफ होणं म्हणजे इंडल्जन्स. १३०० मध्ये पोप बोनिफेस आठवे यांनी जाहीर केलं की या वर्षी पश्चात्ताप आणि पापनिवेदन करून जो रोमच्या पेत्र आणि पौल यांच्या बॅसिलिकांना (मोठ्या चर्चना) भेट देईल, रोमचा असेल तर तीस दिवस आणि बाहेरचा असेल तर पंधरा दिवस, त्याला पूर्ण माफी. अशा वर्षाला ज्युबिली म्हणतात. आधी हे दर शंभर वर्षांनी होणार होतं, पण माणूस शंभर वर्षं कुठे जगतो, म्हणून दुसरं १३५० मध्येच झालं, आणि १४७५ पासून दर पंचवीस वर्षांनी. १४५० च्या ज्युबिलीत तर टायबर नदीवरच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन दीडशेच्या वर माणसं गेली.

म्हणजे आता जागा बघणं मागे पडलं आणि पुढचा हिशोब चुकता करणं पुढे आलं. हा बदल मोठा आहे. एजेरियाला बायबलचं पान डोळ्यांनी बघायचं होतं, १३०० मधल्या माणसाला मेल्यानंतरची काळजी होती. त्याला हसू नका, ज्या घरात पाच मुलं जन्मून तीन जायची त्या घरात मरणानंतरचा विचार रोजचाच असणार.

सांतियागो एवढं मोठं कसं झालं?

नवव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात बिशप तेओदोमिरने जाहीर केलं की प्रेषित याकोबाचं थडगं सापडलंय, आणि राजा अल्फोन्सो दुसरा स्वतः आला. जेरुसलेम लांब आणि धोक्याचं, रोम ठीक, पण सांतियागोला युरोपातला कुठलाही माणूस घरातून निघून पायी जाऊ शकत होता. रस्त्यावर पूल झाले, धर्मशाळा झाल्या, आणि बाराव्या शतकात वाटेची माहिती देणारं लिखाणही झालं. ते लिहिणारा काय संतापलाय! नावाडी बोटीत जास्त माणसं भरतात आणि बोट उलटली की बुडालेल्यांचं सामान लुटतात, म्हणतो. नवारामधल्या एका ओढ्याच्या काठी दोघंजण सुऱ्या परजत बसले होते, या यात्रेकरूंनी विचारलं पाणी घोड्यांना चालेल का, ते म्हणाले हो हो चांगलं आहे, घोडे प्यायले, दोन तिथेच मेले, आणि त्या दोघांनी लगेच कातडी सोलायला घेतली.

तिथून लोक शिंपला आणायचे, कॅथीड्रलच्या उत्तर दारासमोरच विकायला असायचे. टोपीला किंवा झोळीला शिंपला लावला की हा माणूस सांतियागो करून आलाय हे दिसायचं. आता उलट झालंय, निघतानाच बॅगेला लावतात. मीही लावला होता.

पण तेव्हाचे सगळे तरी खरे भाविक होते ना?

सगळे एकसारखे कधीच नव्हते. इंग्लंडच्या लिन गावची मार्जरी केंप, चौदा मुलांची आई, १४१३ मध्ये जेरुसलेमला निघाली. ती वाटेत जेवताना सतत देवाबद्दल बोलायची आणि मोठमोठ्याने रडायची, तिच्या बरोबरचे यात्रेकरू इतके वैतागले की तिला टाळून पुढे जायला बघायचे. त्यांना प्रवासात हसायचं बोलायचं होतं. आता यात भाविक कोण आणि प्रवासी कोण? सगळे एकाच ठिकाणी निघाले होते.

जर्मनीतल्या उल्मचा फादर फेलिक्स फाब्री १४८० मध्ये आणि परत १४८३ मध्ये गेला, दुसऱ्यांदा अशासाठी की पहिल्यांदा सगळं इतकं घाईघाईत दाखवलं की नीट काही लक्षातच राहिलं नाही. होली लँड टूर केलेल्या प्रत्येकाला हे पटेल. तेव्हाही व्हेनिसहून पॅकेजच असायचं, जहाजाच्या मालकाशी लेखी करार, जेवण, कर, गाढवं सगळं त्यात. पोचल्यावर फ्रान्सिस्कन फादर नियम वाचून दाखवायचे: थडग्याचे तुकडे तोडू नका, भिंतींवर नावं आणि घराण्याची चिन्हं काढू नका. नियम होता म्हणजे लोक करत होते.

मार्टिन लूथरने यात्रा बंद केल्या का?

लूथर म्हणजे तो जर्मन संन्यासी ज्याच्यामुळे प्रॉटेस्टंट पंथ वेगळा झाला. त्याची बाजू घेतलेल्या देशांत बऱ्याच अंशी, हो. तो स्वतः १५१० च्या हिवाळ्यात रोमला गेला होता, तिथल्या पवित्र जिन्याच्या अठ्ठावीस पायऱ्या आजोबांच्या आत्म्यासाठी चढला आणि वर पोचल्यावर मनात आलं, हे खरं असेल कशावरून. पुढे १५१७ मध्ये त्याचा वाद इंडल्जन्सवरूनच पेटला. सांतियागोबद्दल तर तो म्हणाला की तिथे याकोब पुरलाय की मेलेला कुत्रा, कुणाला माहीत. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये कँटरबरीचं संत थॉमस बेकेटचं समाधीस्थान पाडलं, जिथे साडेतीनशे वर्षं लोक जात होते. आणि १५८९ मध्ये इंग्लंडच्या ड्रेकचं आरमार स्पेनच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सांतियागोच्या बिशपने याकोबाच्या अस्थी लपवल्या. इतक्या नीट लपवल्या की १८७९ पर्यंत सापडल्या नाहीत. जवळजवळ तीनशे वर्षं लोक रिकाम्या थडग्याला नमस्कार करत होते!

लूर्द, पोर्तुगालमधलं फातिमा हे त्याच परंपरेतलं का?

त्यातलंच, पण कारण परत बदललं. १८५८ मध्ये लूर्दच्या गुहेत चौदा वर्षांच्या बर्नादेतला अठरा वेळा मरियामातेचं दर्शन झालं, १८६६ मध्ये तिथे रेल्वे आली, आणि रेल्वेमुळे चालू न शकणारी माणसंही मोठ्या संख्येने लांबच्या यात्रेला जाऊ लागली. याआधी लांबच्या यात्रेला जायला बहुतेकदा पाय धडधाकट लागायचे, लूर्दला स्ट्रेचरवरचा पेशंट सगळ्यात पुढे असतो. १८८३ पासून तिथे डॉक्टरांचं ऑफिस आहे, बरं झाल्याचे हजारो दावे आले, चर्चने चमत्कार म्हणून मान्य केले ते सत्तरच्या थोडे पुढे. एवढे कमी असूनही गर्दी कमी होत नाही, कारण तिथे आजारी माणसाची लाज वाटत नाही, त्याला सांभाळणारे स्वयंसेवक वर्षानुवर्षं परत येतात.

याच काळातली रशियन शेतकरी यात्रेकरूंची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हे गरीब लोक ईस्टरला जेरुसलेमला यायचे, पांढरा अंगरखा घालून यार्देन नदीत उतरायचे, आणि तोच अंगरखा वाळवून घरी न्यायचे, स्वतःचं कफन म्हणून.

आपल्याकडच्या यात्रा यात कुठे बसतात?

बांद्र्याची माउंट मेरी डोळ्यांसमोर आणा. ८ सप्टेंबरच्या सणानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा, आणि रस्त्याला मेणाचे हात, पाय, बाळं, घरं, हल्ली विमानंसुद्धा. माझी आजी गुडघ्यासाठी मेणाचा पाय घ्यायची, हातात धरून आधी आपल्या गुडघ्यावर टेकवायची आणि मगच वाहायची. मला हे फक्त आपल्याकडचं वाटायचं. मग वाचलं की इंग्लंडमधल्या एक्झेटर कॅथीड्रलवर दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडला आणि १९४३ मध्ये दुरुस्ती करताना बिशप एडमंड लेसीच्या थडग्याच्या वर लपून राहिलेले मेणाचे हातपाय सापडले, माणसांचे आणि जनावरांचेही. तिथल्या शेतकऱ्याने घोड्याचा पाय वाहिला होता. नवस म्हणजे नवस, मग तो एक्झेटरमधला असो की बांद्र्यातला.

गोव्यात झेवियरच्या सणाला, ३ डिसेंबरला, सिंधुदुर्ग आणि बेळगावकडून लोक चालत येतात, आणि दर दहा वर्षांनी देहाचं दर्शन असतं, मागचं नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये झालं. त्या रांगेत हिंदू माणसं किती असतात ते जाऊन आलेल्यांना माहीत आहे.

हे आपल्या पंढरीच्या वारीसारखंच आहे का?

चालणं सारखं, बाकी पूर्ण नाही. वारकरी दरवर्षी तीच वाट धरतो, दिंडीत गात जातो, आणि काही मागायला म्हणून सहसा जात नाही. कमिनोवर, म्हणजे सांतियागोच्या या पायवाटेवर, बहुतेक जण आयुष्यात एकदा येतात, एकेकटे, आणि गाणं फार क्वचित ऐकू येतं. मला गाण्याची खूप उणीव भासली.

मग कमिनो परत सुरू कसा झाला?

ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावचे फादर एलियास वालिन्या यांनी १९८४ मध्ये रस्त्याच्या कामातून उरलेला पिवळा रंग मागून घेतला आणि झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत गेले. आज आम्ही सगळे त्याच पिवळ्या बाणांवर चालतो. १९८७ मध्ये युरोपच्या कौन्सिलने त्याला सांस्कृतिक मार्ग म्हटलं, १९८९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांच्याबरोबर तरुणांचा मोठा मेळावा तिथे झाला, १९९३ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. १९८५ मध्ये चालून पोचल्याचं प्रमाणपत्र घेणारे हजारसुद्धा नव्हते, २०२३ मध्ये साडेचार लाखांच्या आसपास होते.

आता येणारे खरंच यात्रेकरू आहेत का?

सांतियागोला यात्रेकरूंच्या ऑफिसात तुम्हाला फॉर्मवर विचारतातच: धार्मिक कारण, धार्मिक आणि इतर, की धार्मिक नाही? निव्वळ धार्मिक म्हणणारे निम्म्यापेक्षा कमी असतात, आणि मधल्या पर्यायावर खूप जण खूण करतात. यावरून श्रद्धा संपली म्हणणाऱ्यांनी एवढा विचार करावा की फुल्क नेराला, मार्जरीच्या सोबत्यांना, दंड चुकवायला चालणाऱ्या त्या फ्लँडर्सच्या माणसाला हा फॉर्म दिला असता तर त्यांनी कुठे खूण केली असती? माझ्या मते बरेचसे मधेच. पूर्वी विचारत नव्हते, एवढाच फरक.

माझ्या बाजूला एक डच माणूस चालत होता, चर्चमध्ये कधी जात नाही म्हणाला, बायको वारली होती. क्रुझ दे फेर्रो म्हणून उंच लाकडी खांबावर एक लोखंडी क्रूस आहे, तिथे घरून आणलेला दगड ठेवतात, तो त्याने आधीच्या आठवड्यात ठेवला होता आणि त्याबद्दल सांगताना त्याला पुढचं बोलता येईना. त्याने धार्मिक नाही वर खूण केली. मी त्याला यात्रेकरूच म्हणते.

मला चालणं जमणार नाही, किंवा घरचं माणूस आजारी आहे, तर?

इथे तो 'वतीने' परत येतो. प्रमाणपत्रासाठी निदान १०० किमी पायी (सायकलने २०० किमी) करावे लागतात, बरेच जण सारिया गावातून सुरू करतात, आणि पासपोर्टसारख्या कार्डावर रोज दोन शिक्के घ्यायचे. पण आजारपणामुळे येऊ न शकणाऱ्या किंवा वारलेल्या माणसासाठी तुम्ही चालू शकता. काउंटरवर आधीच सांगायचं, प्रमाणपत्रावर लॅटिनमध्ये 'विकारिये प्रो' असं लिहून पुढे त्या माणसाचं नाव घालतात. आपली नावं त्यांना ऐकून लिहिता येत नाहीत, म्हणून कागदावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहून न्या. मी आजीचं नाव असंच लिहून नेलं होतं, काउंटरवरच्या मुलीने दोनदा वाचून बघितलं आणि बरोबर लिहिलं.